आक्काच्या हातची भाकर

कोकणातून मराठवाड्यात पाहुणी म्हणून जायचं तर पिशवीत काय न्यावं, याचा मी आठवडाभर खल केला आणि शेवटी नेले ते नारळ. वर आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसाची साटं. संभाजीनगरला उतरले तेव्हा खांदा निखळायच्या बेतात होता. रिक्षावाल्याने पिशवी उचलली आणि तशीच खाली ठेवून म्हणाला, "आपा, गाँव से पत्थर लाए क्या?" मी म्हटलं, "नारळ आहेत." तो हसून म्हणाला, "हौ, फिर तो पत्थर के अंदर पानी बी है." इथली माणसं बोलायला गोड आहेत हे मला केव्हापासूनच माहीत होतं, कारण त्यातलं एक माणूस पंधरा वर्षं माझ्या घरात राहिलं होतं.

ती कमल. आमच्या राजापूरकडच्या गावातल्या शाळेत माझ्याबरोबर शिक्षिका होती, मूळची पिशोरच्या पुढच्या एका खेड्यातली. मराठवाड्यातल्या कितीतरी पोरापोरींना मास्तरकी मिळते ती आमच्या डोंगरात, आणि मग बदलीची वाट बघता बघता केस पिकतात. कमल आमच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत राहायची. पहिल्या वर्षी ती आमच्या तांदळाच्या भाकरीकडे बघून रडली होती. "वहिनी, ही भाकर आहे की रुमाल?" म्हणाली होती. रोज संध्याकाळी पायरीवर बसून ती तिच्या शिवाराबद्दल बोलायची: कसं दूरपर्यंत दिसतं, थंडीत ज्वारीला कसा वास येतो, आक्का भाकर कशी थापते. दोन वर्षांपूर्वी तिची बदली झाली. साऱ्या गावाला आनंद झाला, मलाही झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्या खोलीची कडी लावली आणि मी तशीच पायरीवर बसून राहिले. अजूनही दुपारी चहा टाकताना माझा हात दोन कपांकडे जातो. शेवटी हे म्हणाले, "जा बाई एकदाची. नाहीतर मला कमल म्हणून हाक मारशील."

चिकलठाणा

कमल मला घरी न नेता थेट आक्काच्या शेडवर घेऊन गेली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, रुक्मिण. दोघींपैकी एकीलाच शाळेत धाडणं आईला जमणार होतं. आक्का थोरली, म्हणून तिच्या हातात खुरपं आलं आणि कमलच्या हातात पाटी. आता आक्का साठीला टेकली आहे आणि चिकलठाण्यात, जालना रोडवरून आत वळल्यावर जुन्या कारखान्यांच्या भिंतीलगत, चार बायकांना घेऊन भाकरीचं केंद्र चालवते. बायकांना पायावर उभं करणाऱ्या एका संस्थेने पत्रे, शेगड्या आणि जागेचं भाडं दिलं होतं. पाळी सुटली की कामगार येतात, बाकावर बसून जेवतात, जातात.

आम्ही पोचलो आणि डोक्यावरून विमान गेलं, इतकं खालून की मी कमलच्या पाठीमागे लपले. विमानतळ शेजारीच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तव्यावरली भाकर बी हालत नाय आमची," आक्का परातीतून मान वर न करता म्हणाली, "तुमी कामून भ्यायल्या वहिनी? बसा."

मी बसले. समोर बाजरीची भाकरी आली, तव्यावरून उतरलेली, पापुद्रा सुटलेली. सोबत येसर. भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार पीठ, त्याची ही झणझणीत आमटी. शेजारी हिरवा ठेचा. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. आक्काने विचारलं, "तिखट हाय का?" मी डोळे पुसत "नाही" म्हणाले, आणि तिथल्या साऱ्या कामगारांची करमणूक झाली. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" म्हणतात आणि त्याने "नको" म्हटलं की लगेच मानतात. इथे "नको" हा शब्द आक्काला ऐकूच येत नाही. ताटावर आडवा हात धरला तर ती हातावर भाकर ठेवते.

मागे भिंतीवर खडूने दर लिहिले होते. भाजीचा, येसरचा, ठेच्याचा, कांद्याचासुद्धा. खाली 'भाकर' असं लिहिलं होतं आणि त्यापुढे मोकळी जागा.

"पुसलं गेलं का?" मी कमलला विचारलं.

"लिहिलंच नाही कधी," कमल हळूच म्हणाली. "आक्का भाकरीचे पैसे घेत नाही. कितीही खा."

तेवढ्यात ताटं विसळणाऱ्या सुनीताने भांडं जरा जोरात आपटलं. सुनीता तिशीची, दोन लेकरांची आई, नवरा गेलेला, आणि जीभ धारदार. "सांगा वहिनी, तुमीच सांगा आक्काला. ज्वारी-बाजरी काय आभाळातून पडती? संस्थेच्या बाई सांगून गेल्यात, पुढल्या महिन्यापासून भाडं तुमचं तुमी भरा. लोकं पळीभर भाजी घेत्यात आन ढीगभर भाकरी खात्यात. असंच चाललं तर शेड बंद. मंग मी कुठं जाऊ? परत ठेकेदाराच्या दारात?"

आक्का तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवत राहिली.

त्याच वेळी एक पन्नाशीचा माणूस वॉचमनच्या खाकी गणवेशात आत आला आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसला. आक्काने त्याच्यासाठी परातीतला नवा गोळा घेतला. बाकीच्यांना ती हाताला येईल ती भाकर देत होती. याची मात्र वेगळी थापली, भाजली आणि स्वतः नेऊन वाढली. तो म्हणाला, "बास आक्का." आक्काने दुसरी ठेवली.

"हा कोण?" मी विचारलं.

"भगवान," कमल म्हणाली. "आमच्याच गावचा. आमची आई जन्मभर ज्यांच्या शेतात राबली त्या घरातला. वाटण्या होऊन वाट्याला तुकडा आला, मग तोही इकडेच आला. इथल्या गेटवर असतो." मग म्हणाली, "उद्या गावाकडे जाऊ. तिथंच आक्का सांगेल. इथं नाही बोलायची."

पिशोरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी शेड सुनीतावर सोपवून आम्ही तिघी निघालो. पिशोरला बाजार होता. मिरच्यांचे ढीग, गूळ, बकऱ्या, आणि एका दुकानाबाहेर दोऱ्यांचे इतके प्रकार की आमच्या होड्यांना पुरून उरतील. मी एका म्हाताऱ्याकडून बोरं घेतली आणि "गोड आहेत ना?" असं विचारलं. तो म्हणाला, "गोड नसली तर बोरं नाय का म्हणायचं त्येला?" मी पैसे देऊन गप्प निघाले. बोरं आंबट होती.

गावाबाहेर कमलने मला एका टेकाडावर नेलं आणि म्हणाली, "बघा." ज्वारी कमरेपेक्षा उंच, दाणे नुकते भरलेले, पार टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत. मधे काहीच नाही. माझ्या गावात दहा पावलांवर माड, नाहीतर डोंगर, नाहीतर कुणाची तरी पडवी. इतकं मोकळं मी समुद्र सोडून कुठेच पाहिलं नव्हतं. याच्यासाठी ही बाई माझ्या पायरीवर बसून रडत होती, हे मला तेव्हा पटलं.

"आता खूश ना?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. आणि मग, "पण वहिनी, रात्री झोप लागत नाही लवकर. गाज ऐकायची सवय झाली ना. तिथं होते तेव्हा इथलं आठवायचं, इथं आले तर तुमची पडवी आठवते. माझं मेलं कुठंच धड नाही."

मला तिला म्हणायचं होतं की मग चल परत. पण असं म्हणता येत नाही. मी तिच्या पदराला लागलेली कुसळं काढत बसले.

आक्का पुढे एका बांधावर जाऊन उभी होती. बांधावर लिंबाचं एकच झाड. आम्ही गेलो तेव्हा तिने जमीन हाताने झाडली आणि बसली.

"आई हितं जेवायची," ती म्हणाली. "एकटी. बाकीच्या बाया त्या तिकडं, हिरीपाशी. पानी पायजे झालं तर हितून हाळी द्यायची, मंग कुनीतरी येऊन वरून वतायचं वंजळीत. आमी बौद्ध झालो, बाबासायबांनी आमाला मानूस केलं, पर हिरीला ते कुठं ठावं हुतं?"

आमच्या गावातही दोन विहिरी होत्या. एकीवर कोण जायचं आणि दुसरीवर कोण, हे सांगावं लागत नसे. मी तेवढंच म्हणाले. आक्काने मान हलवली.

मी शाळेत इतकी वर्षं मुलांना गरिबीची कारणं शिकवली. अशिक्षितपणा, मोठं कुटुंब, पावसाचा लहरीपणा. पुस्तकात तसंच होतं आणि मुलं तसंच लिहायची. आक्काने त्या बांधावर मला एका म्हशीची गोष्ट सांगितली. तिच्या आईला सरकारी योजनेतून म्हैस मिळाली होती. जमीन नाही, तर निदान जोडधंदा करा, गरिबी हटेल. म्हैस गुणी होती, भरपूर दूध द्यायची. पण गावात ते दूध घेणार कोण? ज्या घरांना दूध विकत लागायचं ती घरं यांच्या हातचं घेत नव्हती. वस्तीतल्यांना दूध हवं होतं, पण विकत घ्यायची ऐपत नव्हती. "लेकरं महिनाभर दूध प्याली, लई प्याली," आक्का हसली. "मंग आईनं म्हस इकली. सायेब आला आन म्हनला, तुमाला धंदा करताच येत नाय."

मग तिने पोळीची गोष्ट सांगितली. कमलला नोकरी लागली त्या दिवशी आईने पुरण घातलं. आयुष्यात पहिल्यांदा सढळ हाताने तूप सोडलं आणि झाकलेलं ताट घेऊन आक्काला भगवानच्या घरी धाडलं. भगवानच्या आईने, काकूंनी, दारातच ताट घेतलं, छान म्हणाल्या, पोरीला आशीर्वाद सांग म्हणाल्या. आक्का परत निघाली आणि गोठ्यावरून येताना तिला दिसलं, पोळ्या गाईच्या गव्हाणीत होत्या.

"आईला सांगितलं नाय मी. काय म्हनल्या, असं तिनं इचारलं. मी म्हनलं, लई ग्वाड झाल्यात म्हनल्या. ती तेवढ्यावरच मेली."

कमलला हे ठाऊक होतं, तरी ती दुसरीकडे बघत होती.

"म्हणून तू भाकरीचे पैसे घेत नाहीस?" मी विचारलं.

"वहिनी, हाटेलात कुनाच्या हातचं खातो हे कुनी इचारीत नाय. पैका टाकला की समदं फिटलं. मला तसं नगं. माझ्या हातची हाय हे ठावं असून, पाव्हना म्हून खाल्लेली पायजे. त्या घरातलं मानूस रोज माझ्या म्होरं बसून खातंय. त्येचे पैसे घेतले तर मंग ऱ्हायलं काय?"

बोरं आंबट असूनही आम्ही तिघींनी ती संपवली.

पुन्हा शेडवर

परतलो तर भिंतीवर 'भाकर' या शब्दापुढे सुनीताने ठसठशीत आकडा लिहून ठेवला होता.

आक्काने ओल्या हाताने तो पुसायला सुरुवात केली. सुनीता आडवी आली. मला वाटलं आता दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटणार, आणि मी आपली नारळाची पिशवी मधे कशी धरावी याचा विचार करू लागले.

"पुस, पुस," सुनीता म्हणाली. "पर आदी ऐक. माझी आई बी तुज्या आईवानीच जेवली बांधावर. मला काय कळत नाय का? पर तुजी कमल मास्तरीन हाय, तुला भाकर फुकट वाढायला पुरतंय. माझ्या लेकरांनी काय खावं, तुझी इज्जत? पाव्हना पायजे ना तुला? मंग घरी बोलीव की! घर हाय तुला. हे दुकान हाय आक्का, हितं आमा चौघींचं पोट हाय."

बाकावरचे कामगार घास हातात धरून बसले होते. आक्काचा ओला हात भिंतीवर तसाच होता, आणि आकडा अर्धा पुसलेला.

"घरी बोलावलं आन आले नाय तर?" आक्का म्हणाली. इतक्या हळू की मी जवळ नसते तर ऐकू आलं नसतं. तिची खरी भीती काय होती ते मला तेव्हा कळलं. शेडवर भगवान येणारच, त्याला भूक होती. घरी येण्यासाठी भूक पुरत नाही.

तिने पदराने भिंत कोरडी केली, सुनीताच्या हातातून खडू घेतला आणि आकडा पुन्हा लिहिला. आक्काला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.

भगवान आला. जेवला, भिंतीकडे बघितलं, काही न विचारता भाकरीचे पैसे वेगळे काढून ठेवले. आक्काने ते उचलले. मग म्हणाली, "भगवानदादा, सुट्टीच्या दिशी घरी जेवायला ये. काकूला घिऊन ये."

भगवान एवढा बाप्या, पण शाळेत प्रश्न विचारल्यासारखा उभा राहिला. "आईला इचारून सांगतो," म्हणाला, आणि टोपी विसरून गेला.

सुट्टीचा दिवस

आक्काचं घर शेडपासून जवळच, दोन खोल्यांचं. सकाळपासून ती घर पुसत होती. पुसून झालं की पुन्हा पुसत होती. मी माझी विद्वत्ता दाखवायला सोलकढी केली. आक्काने ती चाखली आणि विचारलं, "ह्ये गुलाबी ताक नासलंय का वहिनी?" कमल मात्र वाटीभर प्यायली, भिंतीकडे तोंड करून, आणि वाटी बराच वेळ हातात धरून बसली. सुनीता लेकरांना घेऊन आली. ती आल्याआल्या कांदे चिरायला बसली, जणू भांडण झालंच नव्हतं.

भगवानचा निरोप आला नव्हता. 'येतो'ही नाही आणि 'येत नाही'ही नाही. दुपार झाली. पोरं भुकेने रडकुंडीला आली, त्यांना वाढलं. आक्काने पीठ मळून झाकून ठेवलं होतं. ती उंबऱ्यात उभी राहायची, आत यायची, पिठाला पाणी लावायची, पुन्हा उंबऱ्यात जायची. मला तिच्याकडे बघवेना. माणसं माझ्या दारात कितीदा आली, जेवून गेली, आणि त्यातली निम्मी जावी तर बरं असं मला वाटायचं. इथे एक बाई एका पाहुण्यासाठी जन्मभर थांबली होती.

उन्हं कलली तेव्हा रिक्षा थांबली. आधी भगवान उतरला. मग त्याची बायको. मग दोघांनी हात धरून एका वाकलेल्या म्हातारीला उतरवलं. काकू घडीचं नवं लुगडं नेसल्या होत्या, घडी मोडल्याच्या खुणा दिसत होत्या.

"पाय चालत नाय म्हून येळ झाला," काकू म्हणाल्या आणि पाटावर बसल्या.

आक्का शेगडीशी गेली. मी इतके दिवस तिला भाकरी थापताना बघत होते, पण त्या दिवशी तिचा हात चालेना. पहिली भाकरी फाटली. दुसरी थापली, जाडसर झाली, ती वाढली. सगळे बसलो होतो, भगवान, त्याची बायको, सुनीता, कमल, मी, दारात पोरं. सगळे काकूंच्या हाताकडे बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो.

काकूंनी तुकडा मोडला. येसरात बुडवला. खाल्ला. बराच वेळ चावला.

"जाड झाली गं," त्या म्हणाल्या. "तुज्या आईची पातळ असायची."

तव्यावरची भाकरी उलटायला गेलेला आक्काचा हात तिथेच थांबला. "तुमाला काय ठावं?"

म्हातारीने ताटाकडे बघतच सांगितलं, "बांधावर खायची मी. तिच्यासंगं. दुपारी समदे झोपले की जायची. भरल्या घरातली सून, पर सासूच्या हाताला माप हुतं, आमाला उरलंसुरलं. तुजी आई अर्धी भाकर माज्यासाटी ठिवायची. लई येळा खाल्ली. तिला म्हनलं हुतं, कुनाला सांगू नगं. तिनं सांगितलं नसंल."

"नाय," आक्का म्हणाली. "मला बी नाय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. सुनीताने उठून गॅस बारीक केला. कमल रडत होती, उघड रडत होती. ज्या बाईच्या हातचं कुणी खात नाही म्हणून या दोघी बहिणी जन्मभर झुरल्या, ती बाई अर्धपोटी राहून त्या घरच्या सुनेला जेवू घालत होती, आणि तोंड मिटून होती.

"मंग पोळ्या गव्हाणीत कामून टाकल्या?" आक्काने विचारलं. आवाजात राग होता. असायलाच हवा होता.

भगवान चुळबुळला. शेवटी म्हातारी म्हणाली, "त्या दिशी घरात समदे हुते."

आक्काने नवा गोळा घेतला. या वेळी हात चालला. भाकरी पातळ झाली, चंद्रासारखी गोल, तव्यावर टम्म फुगली. ती तशीच हातावर घेऊन तिने काकूंच्या ताटात ठेवली.

"आज बी समदे हायेत काकू," ती म्हणाली. "खावा."

मग स्वतःचं ताट घेऊन ती त्यांच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसली. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "आई पायजे हुती."

काकूंच्या तोंडात घास होता. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढचा तुकडा मोडला.